बाळाच्या झोपेची वेळ सांगणारे ॲप: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

लेक नऊ आठवड्यांची असताना तिच्या झोपेची आणि जागेपणाची नोंद ठेवणारे एक सशुल्क ॲप मी फोनवर घेतले आणि ती नऊ महिन्यांची होईपर्यंत ते जवळजवळ रोज वापरले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या आमच्याच घरातल्या गोंधळातून उद्भवल्या होत्या, आणि अशा ॲपांची मूळ कल्पना थोड्याफार फरकाने एकच असते. बाळ झोपले की बटण दाबायचे, उठले की पुन्हा दाबायचे, आणि त्या नोंदींवरून ते पुढच्या झोपेची वेळ सांगणार, असा हा व्यवहार आहे. वर्षाची वर्गणी आम्हाला सुमारे १,८०० रुपये पडली. ती वसूल झाली का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘दुपारी बारानंतर झाली’ असे आहे, आणि त्याचा अर्थ सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम एक चांगली गोष्ट नोंदवते. नाव-गाव विचारण्याआधी या ॲपने दोन तारखा विचारल्या, एक जन्माची आणि दुसरी डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची अपेक्षित तारीख. माझी लेक ठरलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी आली. झोपेची पक्वता बरीचशी गर्भधारणेपासूनच्या वयावर अवलंबून असते, त्यामुळे नऊ आठवड्यांच्या बाळाला सहा आठवड्यांच्या बाळाचे कोष्टक लागू झाले आणि जागेपणाचा पल्ला दीड तासाऐवजी तासाभराचा दिसू लागला. आधी एका ओळखीच्या बाईंनी दिलेल्या छापील तक्त्यात फक्त जन्मतारखेचा हिशेब होता, आणि त्याप्रमाणे बाळाला दीड तास जागे ठेवण्याच्या खटाटोपात आम्ही आठवडाभर संध्याकाळची रडारड ओढवून घेतली होती. एवढ्या एका प्रश्नासाठी मी या ॲपला निम्मे गुण आधीच देऊन टाकते.

जागेपणाचा पल्ला, म्हणजे हल्लीच्या आया ज्याला ‘वेक विंडो’ म्हणतात तो काळ, ही कल्पना समजायला सोपी आहे. ॲलेक्झांडर बोर्बेली या झुरिकच्या संशोधकांनी १९८२ साली झोपेची मांडणी दोन प्रक्रियांत केली. एक प्रक्रिया जागेपणाबरोबर साचत जाणाऱ्या झोपेच्या दाबाची, जो झोपल्यावर ओसरतो. दुसरी शरीरातल्या घड्याळाची, जे दिवस-रात्रीच्या लयीने चालते. तान्ह्या बाळात हा दाब फार वेगाने साचतो, म्हणून ते तासा-दोन तासांत पेंगू लागते, आणि तो पल्ला महिन्यागणिक वाढत जातो. साधारणपणे पहिल्या महिन्यात पाऊण ते एक तास, चौथ्या महिन्याच्या सुमारास दीड ते दोन तास, सहाव्या महिन्यात दोन ते अडीच आणि वर्षाच्या आसपास तीन ते चार तास, असे आकडे सगळीकडे फिरतात. हे आकडे अनुभवातून आलेले ठोकताळे आहेत. ॲप मात्र ते मिनिटांच्या हिशेबाने दाखवते, आणि ‘११ वाजून ४३ मिनिटांनी झोप’ असे वाचले की माणसाला तो पंचांगातला मुहूर्त वाटू लागतो.

पहिले दोन महिने या मुहूर्तांनी आमच्या घरात मनस्तापापलीकडे काही दिले नाही. शरीरातले दिवस-रात्रीचे घड्याळ जन्मतः चालू नसते. ते दोन-तीन महिन्यांनंतर कुठे लयीला लागते. त्याआधी बाळाची निम्मी झोप अशी चाळवलेली असते की ते हसते, कुंथते, हातपाय झाडते आणि तरीही झोपलेलेच असते. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली वयानुसार झोपेचे तास जाहीर केले, तेव्हा ४ ते १२ महिन्यांसाठी दिवसभराच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास सांगितले, पण चार महिन्यांखालच्या बाळांसाठी आकडा द्यायचेच टाळले, कारण त्या वयात एका बाळात आणि दुसऱ्यात फरक फार असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी १४ ते १७ तास सांगितले, तोही पल्ला केवढा मोठा आहे ते पाहावे. आमच्या ॲपने मात्र साडेपंधरा तासांची एकच रेघ ओढली होती, आणि लेक तेरा तास झोपली की त्या रेघेखालचा पट्टा लाल होत असे. बाळ खेळत होते, वजन वाढत होते, दूध पोटभर पीत होते. लाल पट्टा पाहून झोप उडाली होती ती माझी. चार महिन्यांच्या आतल्या बाळासाठी हे ॲप घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात उठल्यावर दूध, थोडा वेळ गप्पा-गाणी आणि डोळ्यांत पेंग दिसली की झोप, एवढा क्रम सांभाळणे पुरते.

आता आंघोळीविषयी. ॲप करणाऱ्यांच्या देशात बाळाची आंघोळ हे बहुधा संध्याकाळचे दहा मिनिटांचे काम असावे. आमच्या नाशिकच्या घरात ती सकाळची मुख्य घटना होती. मालिशवाल्या मावशी बरोबर दहाला येत. पाय पसरून, लेकीला नडग्यांवर पालथी घेऊन, कोमट तेलाने पाठ, मांड्या, टाचा अशी पाऊण तास मालिश करत, मग गरम पाण्याचे तांबे, मग मऊ पंच्यात घट्ट गुंडाळणे. अकराच्या सुमारास लेक माझ्या कुशीत दूध पिता पिताच गाढ झोपे आणि एक-सव्वापर्यंत हलत नसे. मोठ्या माणसांत असे दिसून आले आहे की गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेकडे रक्त वाढते, नंतर शरीराचे आतले तापमान उतरते आणि झोप लागणे सोपे जाते. आजीच्या भाषेत याला ‘न्हालेली झोप’ म्हणतात आणि तिच्या खोलीत त्या दोन तासांत कोणी कुकरची शिट्टीही होऊ देत नाही.

ॲपला ही झोप पटत नव्हती. सकाळी साडेआठची झोप संपून बाळ नऊला उठले, की ते साडेदहाला दुसरी झोप सुचवायचे. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा लेक तेल लावून चकचकीत होऊन मावशींच्या पायांवर असे. मग अकराला लागलेली झोप ‘उशिरा’ म्हणून नोंदवली जायची आणि ती दोन तासांपुढे गेली की फोनवर सूचना यायची की बाळाला हळुवार उठवावे, नाहीतर रात्रीच्या झोपेवर परिणाम होईल. ही सूचना मी पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा सासूबाई वरण घोटत होत्या. त्यांनी डाव थांबवला आणि म्हणाल्या, “अगं, न्हालेलं पोर कोणी उठवतं का? त्या फोनलाच निजव जरा.”

दोन आठवडे मी दोन्ही दरडींवर पाय ठेवून पाहिले. एकदा मावशींना साडेनऊला यायला सांगितले, एकदा सकाळची झोप पुढे ढकलली, एकदा खरोखरच उठवून पाहिले, त्या दिवशी लेक संध्याकाळी सातपर्यंत किरकिरत राहिली आणि घरात कोणी कोणाशी सरळ बोलले नाही. मग सरळ निर्णय घेतला की आंघोळ ही दिवसाची खुंटी, ती हलणार नाही. तिच्याआधीची आणि तिच्यानंतरची झोप तिला बांधायची. सकाळी लवकरची डुलकी मिळाली तर मिळाली, आंघोळीनंतरची झोप जितकी लागेल तितकी, आणि बाळ त्या झोपेतून उठले की तिथून ॲपचे घड्याळ सुरू. ॲपमध्ये तशी सोय नाही. मी रोज दुपारी जुन्या नोंदी तशाच ठेवून फक्त पुढचा अंदाज पाहत असे. दुपारी बारानंतर वर्गणी वसूल झाली असे मी वर म्हटले ते या अर्थाने.

कारण दुपार आणि संध्याकाळ हीच खरी अडचणीची वेळ होती, आणि तेथे ॲपने चोख काम केले. लेक चार महिन्यांची झाल्यावर तिच्या दुपारच्या झोपा अचानक तोकड्या झाल्या. पस्तीस-चाळीस मिनिटे झाली की डोळे टक्क उघडे. या वयात झोपेची रचना बदलत असते आणि बाळाच्या झोपेचे एक चक्र तासाभराच्या आतच पुरे होते; दोन चक्रांच्या सांध्यावर ते जागे होते आणि पुन्हा झोपायची युक्ती त्याला अजून जमलेली नसते. दुपारची झोप अशी तुटली की संध्याकाळी पाच वाजता नेमके काय करावे, हे कळत नसे. झोपवावे तर रात्रीचे दहा वाजतात, न झोपवावे तर सहापासून रडगाणे सुरू. अशा दिवशी ॲप हिशेब करून सांगे की ४:५० ते ५:२० अशी एक छोटी डुलकी होऊ द्या आणि रात्रीची झोप साडेसातला धरा. पहिल्या दिवशी मी अविश्वासाने ते केले. ४:४५ला लेक खुळखुळ्याकडे बघायची थांबली, नजर खिडकीकडे लागली, भुवयांवर ती ओळखीची लाली चढली. डोळे चोळण्याच्या कितीतरी आधीची ही खूण मला त्या दिवसापर्यंत दिसलीच नव्हती, कारण मी जांभईची वाट पाहत बसायची, आणि तोवर वेळ टळून गेलेली असायची. खांद्यावर घेऊन खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या मारल्या आणि ती झोपली. पुढच्या महिनाभरात सूचना येण्याच्या आसपास तिच्याकडे नीट पाहायचे, एवढी सवय मला या ॲपने लावली. अंदाज दहा-पंधरा मिनिटांनी चुके, पण बघायचे कधी, हे तरी कळत होते.

साडेचार ते आठ महिने हा या ॲपचा सर्वांत उपयोगी काळ ठरला. चार डुलक्यांच्या तीन आणि तीनच्या दोन होतात त्या संक्रमणाच्या काळात रोजचा दिवस वेगळा असतो. तिसरी डुलकी काही दिवस हवी असते, काही दिवस नको असते. सात महिन्यांच्या सुमारास लेक संध्याकाळच्या झोपेला सलग आठ दिवस नकार देत होती. आठवड्याच्या आलेखात तो नकार रिकाम्या चौकटींच्या रांगेसारखा स्पष्ट दिसला आणि आम्ही दोन झोपांवर आलो. स्मरणावर विसंबलो असतो तर ‘काल तर झोपली होती’ म्हणत आणखी पंधरा दिवस झुंजत राहिलो असतो.

आता ॲपचा मोठा दोष. सगळा मजकूर इंग्रजीत; मराठी नाही आणि हिंदीही नाही. दिवसाचा अर्धा वेळ ज्यांच्याकडे बाळ असे त्या सासूबाईंना बटणे रंगावरून ओळखायला शिकवली, जांभळे म्हणजे झोपली, पिवळे म्हणजे उठली. एका दुपारी सव्वाचारला त्यांनी जांभळे दाबले, पाऊण तासाने लेक उठली, तिच्या गडबडीत पिवळे राहून गेले, आणि रात्री मला वाटले त्यांनी नोंद केली असेल, त्यांना वाटले मी केली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला मी फोन उघडला तेव्हा लेक मालिश उरकून तांब्यांखाली किंचाळत होती आणि ॲपच्या मते ती गेले १९ तास गाढ झोपेत होती. त्याने अभिनंदनाचे एक चित्रही पाठवले होते. ती नोंद पुसेपर्यंत आठवड्याची सरासरी बिघडली आणि पुढचे दोन दिवस अंदाज वेडेवाकडे येत राहिले. इतक्या लांबलेल्या झोपेवर ‘बाळ खरेच झोपले आहे का?’ असा एक साधा प्रश्न विचारायची सोय करणे एवढे अवघड नसावे. सूचनेचा आवाजही मुळात चालू असतो, आणि बाळाच्या झोपेविषयीच्या सूचनेने बाळ उठणे यासारखा विनोद निदान दुपारी तीन वाजता सहन होत नाही. घेतल्याबरोबर तो आवाज बंद करावा.

या प्रसंगानंतर सासूबाईंनी स्वयंपाकघरात खिळ्याला दोरीने एक शंभर पानी वही लटकवली आणि तिला पेन बांधले. त्यातली एक नोंद येथे जशीच्या तशी देते: ‘११.०५ न्हाऊन निजली. १.२० उठली, हसत. दूध डावीकडे. शी पिवळी. २.४५ला पेंगली पण बेल वाजली, धोबी.’ ॲपमध्ये यातली पहिली दोनच वाक्ये मावतात. शेवटचे वाक्य सर्वांत कामाचे होते, कारण तीन दिवसांत तीन वेळा ‘बेल’ दिसल्यावर आम्ही दुपारी दारावर चिठ्ठी लावायला लागलो. संध्याकाळी मी वहीतले आकडे ॲपमध्ये भरत असे. दहा मिनिटांचे काम होते, आणि अंदाज त्यानंतर लक्षणीय सुधारले.

बाळ किती वेळ झोपले हे ॲप मोजते. कुठे आणि कसे झोपले याला त्यात जागा नाही, आणि ही उणीव मला भाषेच्या उणिवेइतकीच खटकली. आमच्याकडे लेक काही वेळा साडीच्या झोळीत झोपे. तिथे झोप लांबते हे खरे, पण झोळीत पाठ वाकते आणि लहान बाळाची हनुवटी छातीवर टेकू शकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली आपल्या सूचना पुन्हा जाहीर केल्या त्यांतही प्रत्येक झोपेला बाळ उताणे, सपाट व घट्ट पृष्ठभागावर, उशी आणि मऊ पांघरुणाविना झोपवावे असे आहे, आणि कुशीवर वळण्याची चिन्हे दिसू लागली की गुंडाळणे थांबवावे असेही. बाळंतविड्यात आलेली मोहरीची उशी आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बाजूला काढायला लावली होती. धुरीही त्यांनी बंद करवली. त्यावर सासूबाई चार दिवस गप्प होत्या. झोळीबाबत तडजोड अशी झाली की डोळा लागेपर्यंत झोळी, नंतर गादीवर. ॲपच्या लेखी झोळीतली नव्वद मिनिटे आणि गादीवरची पन्नास मिनिटे यांत पहिली झोप सरस ठरते आणि तिला हिरवी खूण मिळते. नव्या आईला ती हिरवी खूण चुकीच्या दिशेने ढकलू शकते.

जागेपणाच्या वेळात काय करायचे, यावरही ॲपमध्ये ‘बाळाशी खेळा’ या छापाच्या चार ओळींपलीकडे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांत, जे बाळ अजून हिंडत-फिरत नाही त्याला दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथे ठेवावे आणि पट्ट्याच्या खुर्चीत किंवा गाडीत एका वेळी तासाभराहून जास्त अडकवून ठेवू नये, असे सांगितले आहे. मालिशवाल्या मावशींच्या पायांवर आमचा हा हिशेब बराचसा आपोआप भरत होता.

माझी सव्वीस आठवड्यांची रजा संपली, सासूबाई गावी परतल्या आणि लेक पाळणाघरात जाऊ लागली, तेव्हा खुंटी हलवावीच लागली. सकाळी सातला न्हाऊ घातले तर आठला झोप येणार आणि त्याच वेळी आम्हाला घराबाहेर पडायचे. पहिल्या आठवड्यात ती न्हालेली झोप रिक्षात वीस मिनिटांत संपली आणि पाळणाघरात पोचताच रडणे सुरू झाले. शेवटी कामाच्या दिवशी आंघोळ संध्याकाळी साडेसहाला नेली. “दिवेलागणीला न्हाऊ घालतात का पोराला?” असा फोन गावाहून आलाच. पण मजा अशी की आंघोळ संध्याकाळी गेल्यावर ॲपचे कोष्टक आमच्या दिवसाशी सकाळपासून जुळू लागले. पाळणाघरातल्या ताई झोपेच्या वेळा एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या पिशवीत ठेवत. त्यांना ॲपचा दुवा पाठवून पाहिला होता. आठ मुले सांभाळणाऱ्या बाईने एका मुलाचे बटण दाबावे ही अपेक्षाच मुळात चुकीची होती, म्हणून मी तो आग्रह सोडला. चिठ्ठी वाचून घरी परतताना रिक्षातच मी आकडे भरत असे, आणि घरी पोचेपर्यंत रात्रीची वेळ कळलेली असे.

ज्यांच्या घरी बाळाला दोन-तीन जण आळीपाळीने सांभाळतात आणि बाळ चार ते नऊ महिन्यांच्या दरम्यान आहे, त्यांनी हे ॲप जरूर घ्यावे, मात्र वर्षाऐवजी महिन्याच्या वर्गणीवर घ्यावे. एकटी आजी सांभाळत असेल तर वही पुरे. बाळाचा फोटो आणि पूर्ण नाव ॲप मागते, ते न देताही सगळ्या सोयी चालतात. आमच्या लेकीचे नाव तेथे शेवटपर्यंत ‘बाळ’ एवढेच राहिले. नऊ महिन्यांनंतर दोन झोपा इतक्या नियमित झाल्या की सूचना येण्याआधी लेक स्वतःच दुपटे ओढून आणू लागली, तेव्हा मी वर्गणी बंद केली. ती बंद करताना ॲप फोनवरून काढून टाकणे पुरेसे नसते. वर्गणीच्या पानावर जाऊन मुदतीच्या किमान एक दिवस आधी आपोआप नूतनीकरण थांबवावे लागते, आणि त्याआधी सगळ्या नोंदींची फाइल उतरवून घ्यावी, कारण खाते मिटल्यावर ती मिळत नाही.